खजिना ठाण्यात पुरायचा तर कुठे आणि किती? अचाट कादंबरीबद्दल मदत हवी

तलावपाळी

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्याच्या दिवाळी अंकात दहा प्रकरणांची खजिना-कादंबरी द्यायचं ठरलंय. वाचक शाळकरी पोरांपासून निवृत्त आजोबांपर्यंत.

सांगाडा असा. मार्च १७३७. चिमाजीअप्पांची फौज साष्टीत उतरली आहे, ठाण्याचा किल्ला अजून अर्धवट बांधलेला. तिथला एक पोर्तुगीज अधिकारी सोन्याच्या नाण्यांनी गच्च भरलेली पेटी (साधारण ६० × ४० × ४० सेंमी) दोन गड्यांकडून उचलवतो, अमावास्येच्या मध्यरात्री खाडीच्या चिखलात पुरतो आणि परत कधीच येत नाही. मागे राहतात एक नकाशा आणि एक मोडी चिठ्ठी. आज कोपरीतली दोन भावंडं आणि त्यांची मोडी वाचणारी आत्या शोधाला लागतात. पुढे भुयार, सापळे, भोंदू मांत्रिक, पाठलाग, सगळं सढळ हाताने.

अडलंय ते असं. एका पुस्तकात वाचक वाट्टेल ते खपवून घेतो आणि रात्री दोनपर्यंत जागतो; दुसऱ्यात तितकंच अचाट काही आलं की चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटतो. हा फरक नेमका कशाने पडतो? दुसरं, नकाशा आणि चिठ्ठी अशी हवी की वाचकाला स्वतः सोडवता यावी. तिसरं, शेवटी धन मिळालं तर कायद्याने ते कुणाचं? जाणकारांनी हात राखून लिहू नये.

वजनकाटा

वाचक एकच थाप खुशीने घेतो: खजिना आहे आणि तो अजून कुणाला सापडलेला नाही. एवढं पदरात टाकून घेतलं की उरलेल्या सगळ्या गोष्टींत तो लेखकाचा हिशेब तपासत बसतो, आणि या पुस्तकांची निम्मी गंमत त्या तपासण्यातच असते. नायक पावलं मोजतो तेव्हा वाचकही मोजतो. आपण रोज टीएमटी बसची वाट बघत उभे राहतो त्या कोपऱ्याखाली काहीतरी असू शकतं, हे वाटायला लागलं की लेखक जिंकला. ते वाटण्यासाठी तो कोपरा अचूक लागतो.

हॅगार्डच्या सॉलोमन राजाच्या खाणींच्या कादंबरीत (१८८५) रक्ताने काढलेला नकाशा आहे, शतकानुशतकं जगलेली वाटावी अशी म्हातारी आहे, त्याला कुणी हरकत घेतली नाही. पण पहिल्या आवृत्तीत पौर्णिमेच्या पाठोपाठ सूर्यग्रहण आलं होतं. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं हे कुणालाही ठाऊक. पुढच्या आवृत्तीत ते बदलून चंद्रग्रहण करावं लागलं. म्हातारी चालली, पंचांग चुकलेलं चाललं नाही.

आता तुमची पेटी. आतली जागा ९६ लिटर. नाणी ओतली की मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून धातू साधारण ६० टक्के धरा, म्हणजे ५८ लिटर. सोन्याचा एक लिटर १९.३ किलो. एकूण अकराशे किलोच्या वर. दोन गडी सोडा, बैलगाडीचा कणा मोडेल. या एका वाक्यावर तुमचा गणिताचा मास्तर असलेला वाचक अंक खाली ठेवेल.

उलटं करा. दोन माणसं चिखलाच्या वाटेने काठीला बांधून ६० किलो नेऊ शकतात. साठ किलो सोन्याची नाणी पाच-सव्वापाच लिटरात बसतात, म्हणजे एखादी लहान कळशी. मोहोर सुमारे ११ ग्रॅमची, तेव्हा साडेपाच हजारांच्या आसपास मोहरा झाल्या. ऐकायला लहान वाटतं, पण कळशीएवढी वस्तू उचलायला दोन माणसं लागतात हे दृश्य पेटीपेक्षा जास्त बोलतं. चांदीच घालायची असेल तर रुपया साडेअकरा ग्रॅमचा. एक लाख रुपये म्हणजे साडेअकराशे किलो, दहा-बारा बैलांचा तांडा. असा तांडा रातोरात गुपचूप हलत नाही. किमान वीस माणसांना ठाऊक होतो, आणि वीस माणसांना ठाऊक असलेला खजिना तीनशे वर्षं टिकत नाही.

यातून खरा कळीचा मुद्दा येतो. शोधणाऱ्यांची गोष्ट नंतर लिहा, आधी लपवणाऱ्याचं एक पान लिहून काढा: किती वजन, किती हात, किती तास, किती जणांना माहीत, त्यातले कोण मेले, आणि तो परत का आला नाही. या शेवटच्या प्रश्नाला पटणारं उत्तर नसेल तर बाकी सगळी आतषबाजी फुकट.

तुमची १७३७ ची निवड मात्र पक्की आहे, ती बदलू नका. वसई घेतली असती तर फसला असतात. मे १७३९ मध्ये वसईच्या पोर्तुगीजांनी तहाने किल्ला दिला, आठ दिवसांची मुदत मिळाली आणि चीजवस्तू घेऊन जायची मुभाही. सामान बांधून न्यायला आठवडा मिळालेला माणूस सोनं जमिनीत कशाला पुरेल? ठाण्यावर हल्ला अचानक झाला आणि किल्ला अपुरा होता. घाईत पुरायला तीच वेळ योग्य.

रुमाल_दप्तर

वर वजनाचं आलं, मी कागदाचं लिहितो.

चिठ्ठीवर सरळ 'मार्च १७३७' लिहू नका. मराठी कागदात शुहूर सन (मराठेशाहीत चालणारी कालगणना) असतो, तोही अरबी शब्दांत, एकंपासून चढत: 'सबा सलासीन मया व अलफ'. सबा सात, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११३७. हा सन मृगाला (जूनच्या सुरुवातीला) बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून मार्चची चिठ्ठी ११३७ + ६०० = १७३७. भाच्याने घाईत ५९९ मिळवले तर तो १७३६ ला पोचतो आणि एक अख्खं प्रकरण भलत्या वर्षाचे कागद चाळत बसतो. 'सलास' म्हणजे तीन आणि 'सलासीन' म्हणजे तीस. शेवट वाळवीने खाल्ला असेल तर तोही चकवा फुकटात मिळतो.

याहून देखणा चकवा युरोपीय तारखांत आहे, आणि तो अस्सल आहे. पोर्तुगीजांनी नवं पंचांग १५८२ लाच घेतलं. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत घेतलं नव्हतं, त्यामुळे १७३७ मध्ये मुंबईकर इंग्रजांची तारीख ११ दिवस मागे होती. शिवाय त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे ठाण्यातला पोर्तुगीज ज्या दिवसाला २७ मार्च १७३७ म्हणेल, त्याच दिवसाच्या मुंबईच्या इंग्रजी पत्रावर १६ मार्च १७३६ असेल. दोन पत्रं, वरवर वर्षभराचं अंतर, प्रत्यक्षात एकच दिवस. मराठी पत्रातली तिथी दोघांचा निवाडा करते. आत्याबाईंना चमकायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

सांकेतिक मजकुराबद्दल. १८४३ सालच्या एडगर अॅलन पोच्या 'द गोल्ड-बग' या गाजलेल्या खजिना-कथेत इंग्रजीत सर्वात जास्त येणारं अक्षर कोणतं यावरून उलगडा होतो. तो मजकूर दोनशे चिन्हांच्या आसपास आहे, म्हणून मोजणी चालते. तुमची चिठ्ठी चाळीस अक्षरांची असेल तर मोजणीने काही सुटणार नाही, वाचक हैराण होईल आणि तुम्ही नायकाला 'अंतःप्रेरणा' द्याल. ते करू नका.

मराठीत दुसरा रस्ता आहे: पत्राचा साचा. जुनी पत्रं 'श्री' ने सुरू होतात, मायन्यात 'राजश्री' आणि 'गोसावी यांसी' येतं, शेवटी 'बहुत काय लिहिणे', 'जाणिजे', 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सूद'. सांकेतिक पत्र लिहिणाऱ्या कारकुनाने सवयीने हे साचे घातले की तो उघडा पडला. 'बहुत काय लिहिणे' या एका ओळीतून ब, ह, त, क, य, ल, ण अशी सात व्यंजनं हाती लागतात. 'राजश्री' मधून र, ज, श. एवढ्यावर बाकीचा मजकूर हळूहळू उकलतो.

पद्धत अशी ठेवा. व्यंजनं बदला, काना-मात्रा-वेलांटी तशीच ठेवा. शब्दाचा आकार शाबूत राहतो आणि बारा वर्षांचं पोरही पेन्सिल घेऊन बसू शकतं. मजकूर १२० ते १५० अक्षरांचा ठेवा. स्वतः सोडवून बघू नका, कारण उत्तर तुम्हाला माहीत असतं. दुसऱ्या दोघांना द्या, आणि तासाभरात एकालाही जमलं नाही तर एक साचा आणखी घाला. जोडाक्षरं मोजकी ठेवा, छपाईत तीच घात करतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत आणि शब्दही सुटे करत नसत, त्यामुळे 'दिन' की 'दीन' आणि 'वडाखाली' की 'वडा खाली' असले वाद आपोआप तयार होतात. फार खेचू नका, एकदाच वापरा.

शाई बघा. आपल्याकडची काजळाची शाई तीनशे वर्षांनीही काळीभोर राहते. पोर्तुगीजांची लोहयुक्त शाई तपकिरी पडते आणि कागदालाच खाते. जाड रेघांच्या जागी भोकं पडतात. म्हणून तुमच्या पोर्तुगीज नकाशावर जिथे फुली जोरात मारली होती नेमकी तिथेच भोक असेल. लिहिणाऱ्याने ठसवून दाखवलेली जागाच गायब! हे योगायोगाने घडवायचं कारण नाही, रसायनच ते करतं. आणि कोकणच्या दमट हवेत उघड्यावर कसलाच कागद टिकत नाही. मेण लावलेल्या कापडात गुंडाळून तांब्याच्या नळीत ठेवलात तर वाचक पुढे जाऊ देईल.

पानपलट

सगळं मान्य, पण जरा दमानं घ्या. शुहूर सन, अकरा दिवस, शाईचं रसायन एवढं सगळं पहिल्या तीन प्रकरणांत कोंबलं तर ती खजिना-कादंबरी राहणार नाही, पुराभिलेखागाराची परीक्षा होईल. वाचक अचूकतेसाठी पैसे मोजत नाही. अचूकता असते ती अचाटपणा पळवता यावा म्हणून. एका प्रकरणात एक कोडं, एक धोका आणि एक चुकीचा निष्कर्ष. कोड्याचा दुवा वाचकाच्या डोळ्यांसमोरून किमान दोन प्रकरणं आधी गेलेला हवा, तोही किरकोळ वर्णनात लपवून. उत्तर सांगताना पात्रांनी अर्ध्या पानावर बोलायचं नाही.

आणि हो, योगायोगाने नायक संकटात पडला तर चालतो. योगायोगाने सुटला की पुस्तक मिटलं.

खाडीकाठ

अमावास्येची मध्यरात्र आणि खाडीचा चिखल, हे जमणार नाही. आमच्याकडचा साधा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अमावास्या म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. खाडीच्या वरच्या टोकाला, ठाण्याकडे, पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडं उशिरा चढतं. म्हणजे अमावास्येला मध्यरात्री ठाण्यात पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. तुमचे दोन गडी पाण्याखाली खोदतायत.

तीच वेळ होडीसाठी मात्र सोन्यासारखी. किल्ल्यालगत पाणी आलेलं, गडद अंधार, जड मचवा चिखलाला न टेकता निघतो. तेव्हा धन मध्यरात्री हलवा, पुरायला ओहोटीची वाट बघू नका, भरतीरेषेच्या वरच्या टणक जमिनीत पुरा. ओहोटीतच खोदायचं असेल तर अमावास्येला पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास पाणी खाली जातं, पण तोवर उजाडायला लागतं. नवमी घेतली तर भरती पावणेसातला आणि ओहोटी रात्री एकच्या आसपास, अंधारही मिळतो (वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीनंतर वर येतो). पण ती भांगाची ओहोटी. उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढ-उतार करतं, भांगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे नवमीला चिखल फार उघडा पडत नाही. एक धरलं की दुसरं सुटतं. हीच ओढाताण लपवणाऱ्या माणसाच्या डोक्यात घाला, प्रकरण आपसूक उभं राहील.

चिखलात खड्डा का टिकत नाही तेही सांगतो. गुडघाभर खणलं की बाजू आत सरकतात आणि पाणी खालून भरतं. फळ्या ठोकून बाजू धराव्या लागतात, म्हणजे ठोकल्याचा आवाज. तिवरांची मुळं वर आलेली असतात, त्यांच्यात फावडं चालत नाही, कोयता लागतो. आणि लाकडी पेटी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ठेवली तर लाकूड पोखरणारे किडे आणि गंज तिचा फडशा पाडतात. सोन्याला काही होत नाही, चांदी काळी पडते, तांबं हिरवं होऊन नाणी एकमेकांना चिकटून गोळा होतो. पेटीऐवजी झिलईचा मर्तबान घ्या, तोंड लाखेने बंद. पोरांच्या धातुशोधक यंत्रावरही भरवसा ठेवू नका: स्वस्तातलं यंत्र नाणं वीत-दीड वीत खोलीवरच ओळखतं, आणि खारट ओल्या चिखलात ते विनाकारण ओरडत राहतं.

भुयाराबद्दल. बेलापूरच्या किल्ल्यातून घारापुरीपर्यंत भुयार असल्याचं तिथले लोक सांगतात, आणि ठाण्याच्या बाबतीतही कुणीतरी असलं सांगणारच. बेलापूर ते घारापुरी हवेतून मोजलं तरी दहा किलोमीटरच्या वर, मध्ये खाडी. पारसिकचा रेल्वे बोगदा जेमतेम १.३ किलोमीटरचा, तो सुरुंगाची दारू असताना १९१६ मध्ये खुला झाला. छिन्नी-हातोड्याने समुद्राखालून दहा किलोमीटर कोण खोदणार, पाणी कोण उपसणार, हवा कुठून आणणार? तटापासून पाण्यापर्यंतची पन्नास-साठ हातांची चोरवाट ठेवा. तेवढी पटते, आणि दोन्ही तोंडं बुजली असतील तर आत हवा कोंदट असते, त्यामुळे धोका आयताच. मशाल विझली म्हणजे माघार, हे ठीक. पण मशाल जळतेय म्हणजे हवा सुरक्षित, असं पात्राला म्हणू देऊ नका. सगळे विषारी वायू ज्योत विझवत नाहीत.

सापळ्यांत दोर, लाकूड, लोखंडी स्प्रिंग, बाण, बंदुकीची दारू काही चालणार नाही. काथ्या कुजतो, लोखंड गंजतं, दारूतला सोरा ओल धरतो आणि तिचा दगड होतो. तीनशे वर्षांनी काम करणाऱ्या गोष्टी तीनच: दगडाचं वजन, उतार आणि पाणी. त्यातही पाणी सर्वात बरं, कारण भरती दिवसातून दोनदा येऊन सापळा स्वतःच पुन्हा लावून जाते. चोरवाटेचा तळ अर्ध्या भरतीच्या पातळीवर ठेवा. आत शिरल्यावर परतायला किती वेळ आहे हे वाचक घड्याळ लावून मोजू शकेल: ओहोटीच्या आधी-नंतरचे मिळून जेमतेम सहा तास, आणि वाटेत आडव्या चिखलाचे दोन टप्पे.

तलावपाळी

बापरे, पेटी गेली, अमावास्या गेली, भुयार आखूड झालं, पण कथा आत्ता कुठे उभी राहतेय. मर्तबान घेतला. साठ किलो घेतले. पानपलट यांचं 'एका प्रकरणात एक कोडं' भिंतीवर लावतो.

दोन शंका. एक, किल्ल्याच्या जागी आता मध्यवर्ती कारागृह आहे, तर पात्रांना आत कसं न्यायचं? दोन, नकाशावरच्या खुणा कोणत्या ठेवू? मी कौपिनेश्वर मंदिर आणि मासुंदा तलाव धरले होते.

रुमाल_दप्तर

आत नेऊच नका. तुरुंगात भुयारं खणणारी भावंडं बघून वाचक हसेल. तो किल्ला बंद आहे हाच अडसर कामाला लावा: सगळं बाहेरून सोडवायचं. तसा नमुना त्याच किल्ल्यात घडलेला आहे. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाच्या प्रकरणात कैद केलेले दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले. तटाबाहेर घोड्याची चाकरी करणारा एक मोतद्दार गाणं म्हणत असे, गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं, आणि सुटकेचा निरोप त्या गाण्यातून आत पोचला, असं सांगतात. तुमच्या कारकुनाने मोडी चिठ्ठीऐवजी निम्मा निरोप ओवीत ठेवला तर तो अचाट वाटेल आणि त्याला आधारही असेल.

खजिना सापडल्याचा दाखलाही तिथेच आहे. १७८७ मध्ये याच किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट निघाले, शके ९३९ चे, म्हणजे इसवी १०१७. जमीन दान दिल्याचा लेख. सोनं नव्हे, पण सातशे सत्तर वर्षं जमिनीत राहून तांब्याने अक्षरं राखली. मर्तबानाच्या तोंडावर नाण्यांच्या आधी एखादा पत्रा निघू द्या.

कौपिनेश्वर मात्र काढा. सध्याचं देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० च्या सुमारास बांधवलं. १७३७ च्या पोर्तुगीज नकाशात ते येऊच शकत नाही. किंवा, काढू नका! खलनायकाने बनवलेल्या खोट्या नकाशात ते ठेवा. चौथ्या प्रकरणात सगळे त्या नकाशाच्या मागे धावतात, सातव्यात भाची देवळाच्या पाटीपाशी उभी राहून साल वाचते. खोटं पकडायला तज्ज्ञ लागत नाही, वाचकालाही ते आधीच पकडता आलं असतं.

खुणा वाहून नेण्यासाठी घंटाही आहेत. पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत टांगल्या; भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आणि क्रूस आहे. ठाण्याच्या चर्चची एक काल्पनिक घंटा घाटावरच्या एखाद्या काल्पनिक देवळात लटकवा, आतल्या कडेवर आकडे कोरून. धन साष्टीत आणि किल्ली सह्याद्रीवर, प्रवासही झाला.

कलम_अकरा

शेवटाबद्दल थोडक्यात, कारण इथे बहुतेक लेखक 'आणि त्यांनी खजिना सरकारजमा केला' म्हणून सुटतात आणि हातातला सर्वात चुरशीचा भाग सोडून देतात.

गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे आणि चालू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही चीज सापडली की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. मग ती चीज सरकारी तिजोरीत ठेवायची किंवा ती हजर करण्याची हमी द्यायची. जिल्हाधिकारी नोटीस काढतो. दावेदारांना हजर राहायची तारीख नोटिशीपासून चार महिन्यांच्या आत नसते आणि सहा महिन्यांच्या पुढे नसते. शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलं नव्हतं किंवा मालक सिद्ध होत नाही असं ठरलं की धन बेवारस. जागेचा मालक आणि सापडणारा यांच्यात करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागामालकाला एक चतुर्थांश. सरकारला हवं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेता येतं.

आणि कळवलं नाही तर? हिस्सा सरकारजमा, वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे खलनायकाने 'गप्प बसा, निम्मं तुमचं' म्हणणं हा तोट्याचा सौदा आहे, आणि कायदा वाचलेली आत्या त्याला ते आकड्यांत ऐकवू शकते. चार ते सहा महिने ही तुमच्या शेवटच्या प्रकरणाची मुदत: खोटे दावेदार, बनावट वंशावळी, 'आमच्या खापरपणजोबांचं होतं' म्हणणारे नातलग.

अडचणी दोन. खाडीकाठची खारफुटी राखीव वनात मोडते, ठाणे खाडीचा बराच भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे (२०१५ पासून) आणि २०२२ पासून रामसर या पाणथळ जागांच्या जागतिक यादीतही. तिथे परवानगीशिवाय खणणं हा वेगळा गुन्हा. म्हणून धन कुणा खासगी मालकाच्या जुन्या वाडीत काढा, नाहीतर महापालिकेच्या गटाराच्या खोदकामात आपोआप वर येऊ द्या. शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तू कायद्यात (१९७२) येतात, त्यामुळे ती देशाबाहेर विकायचा बेत हा खलनायकाचा दुसरा गुन्हा.

भोंदू मांत्रिक ठेवताय तर नीट ठेवा. पायाळू माणूस, डोळ्यांत अंजन, हंड्यावर बसलेला नाग, अभाग्याने हात लावला की मोहरांचे कोळसे, हा सगळा ऐवज आपल्या लोककथांत भरपूर आहे आणि रंगतदारही. पण गुप्तधनासाठी अघोरी कृत्य हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. मांत्रिकाचं भाकीत खरं ठरलं तर तुमची एक थापेची मर्यादा मोडली, आणि मुलांच्या हातातल्या अंकात ते शोभणारही नाही. कोळसे झालेल्या मोहरा मात्र वापरा: वर काळी पडलेली चांदी दिसते, मांत्रिक 'धन रुसलं' म्हणून पळतो, आणि खाली मर्तबानात सोनं तसंच असतं.

खाडीकाठ

नकाशाच्या खुणांचं राहिलं. होकायंत्राची दिशा आणि पावलं ठेवू नका. चुंबकीय उत्तर दीडशे-तीनशे वर्षांत सरकतं. पाच अंश फरक पडला तर शंभर मीटरवर पावणेनऊ मीटर चूक. पोच्या कथेत कवटीच्या डाव्या डोळ्याऐवजी उजव्यातून ओळंबा सोडल्याने खड्डा चुकतो, तेवढा अडीच इंचांचा फरकही पुढे वाढत जातो. पावलं तर त्याहून वाईट, कुणाचं पाऊल? मराठी कागदात काठी घेतलीत (पाच हात, पाच मुठी) तरी हात कुणाचा हा प्रश्न उरतोच.

खाडीवरचे लोक जागा धरतात ती डोंगरांवरून. जवळची एक खूण आणि तिच्या मागची लांबची खूण एका रेषेत आली की ती एक रेघ. दुसऱ्या बाजूला तशीच जोडी, ती दुसरी रेघ. दोन्ही जिथे कापतात ती जागा. यंत्र नको, पावलं नकोत. पारसिकचा माथा तीनशे वर्षांत हललेला नाही. मासुंदा तलाव चालेल, पण त्याचा काठ धरू नका, भरावाने सरकला असणार. जवळच्या खुणेसाठी किल्ल्याचा बुरूज घ्या, तो आत न जाता बाहेरून दिसतो. दोन रेघांमधला कोन साठ ते नव्वद अंशांच्या मध्ये ठेवा, फार अरुंद केलात तर छेदबिंदू पसरट होतो आणि पोरं अख्खी वाडी खणत बसतील.

नकाशा आधी काढा, गोष्ट मागाहून. स्टीव्हन्सनने 'ट्रेझर आयलंड'मधल्या बेटाचा नकाशा आधी रंगवला आणि कादंबरी त्यातून निघाली. तुम्ही पारदर्शक कागद आजच्या ठाण्याच्या नकाशावर ठेवून दोन्ही रेघा ओढा, छेदबिंदू कुठे पडतो बघा. आज तिथे दहा मजली सोसायटी असेल तर पायलिंगमध्ये मर्तबान कधीच चिरडला. बुरूज तोच ठेवून डोंगरावरची खूण बदला आणि रेघ फिरवत फिरवत एखाद्या जुन्या बंगल्याच्या विहिरीपाशी आणा.

तलावपाळी

कागद आणलाय. पहिला छेदबिंदू नेमका स्टेशनच्या पार्किंगमध्ये पडला, दुसरी खूण शोधतोय. चिठ्ठीचा कच्चा मजकूर १३० अक्षरांचा झाला की इथेच टाकतो. सोडवायला दोघं हवेत, रुमाल_दप्तर सोडून.